पाच डॉलरचं पाळणाघर

सप्टेंबर १९९७ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांतानं चार वर्षांच्या मुलांसाठी पाळणाघराची फी ठरवली, दिवसाला पाच डॉलर. आईबाप डॉक्टर असोत की हॉटेलात भांडी घासणारे, फी तीच. वरचा सगळा खर्च सरकारचा. पुढच्या वर्षी तीन वर्षांची मुलं योजनेत आली, १९९९ मध्ये दोन वर्षांची आणि सप्टेंबर २००० पासून अगदी तान्ह्या बाळांनाही हाच दर लागू झाला. एक दिवस म्हणजे जास्तीत जास्त दहा तास, त्यात एक जेवण आणि दोन वेळचं खाणं.

हेतू दोन होते. आयांना नोकरी करता यावी, आणि शाळेत पाऊल टाकण्याआधी सगळ्या मुलांची तयारी सारखी व्हावी. पहिला हेतू साधला, यावर फारसा वाद नाही. पियेर फोर्तँ या अर्थशास्त्रज्ञाच्या हिशेबानं २००८ पर्यंत या योजनेमुळे सुमारे ७०,००० जास्तीच्या आया कामावर होत्या आणि त्यांच्या करातून सरकारचा खर्च भरून निघत होता. दुसऱ्या हेतूवरून मात्र अजून भांडण चालू आहे. आपल्याकडे ‘सरकारनं पाळणाघरं काढावीत का’ अशी चर्चा निघाली की दोन्ही बाजू एकेक परदेशी अभ्यास फेकून मारतात. ते अभ्यास नेमके कसे केले आणि त्यांतला आकडा नेमका कशाचा, हे कुणी सांगत नाही.

तर क्वेबेकचा अभ्यास. मायकेल बेकर, जोनाथन ग्रुबर आणि केव्हिन मिलिगन या तिघांनी तो २००८ मध्ये छापला. पद्धत साधी आहे. क्वेबेकमधल्या मुलांची योजनेआधीची आणि नंतरची स्थिती घ्यायची, दोन्हींतला फरक काढायचा. उरलेल्या कॅनडातही त्याच वर्षांत काही ना काही बदललंच असणार, म्हणून तिथलाही आधी-नंतरचा फरक काढायचा. पहिल्यातून दुसरा वजा केला की जे उरतं ते योजनेच्या खात्यावर. माहिती आली मुलांच्या राष्ट्रीय पाहणीतून. तीत पालकांना विचारलेलं असतं: मूल एका जागी बसतं का, मारामारी करतं का, घाबरतं का, नाक किती वेळा गळतं, कान किती वेळा दुखतो.

निकाल असा. दोन पालकांच्या घरांत पाळणाघरात जाणारी मुलं शंभरामागे सुमारे १४ नं वाढली, नोकरी करणाऱ्या आया शंभरामागे ७.७ नं. आणि मुलं? चंचलपणा, चिंता, आक्रमकपणा वाढलेला. आजारपण वाढलेलं. हालचालींची आणि माणसांत वावरण्याची कौशल्यं थोडी मागे. पालकांचं वागणंही जरा जास्त कडक झालेलं. त्याच तिघांनी २०१९ मध्ये पुढचा भाग छापला, तेव्हा ही मुलं मोठी झाली होती. गणित-वाचनाच्या चाचण्यांत फारसा फरक नव्हता, पण तब्येत आणि आयुष्याविषयीचं समाधान कमी, आणि गुन्ह्यांचं प्रमाण जास्त, विशेषतः मुलग्यांत. दुसऱ्या काही संशोधकांना लहानपणीचा वाईट परिणाम शाळकरी वयात बराचसा विरत गेलेला दिसला, तेव्हा या दुसऱ्या भागावर एकमत नाही.

हे आकडे वाचताना एक गोष्ट हमखास चुकते. तुलना क्वेबेकच्या सगळ्या मुलांची आहे, फक्त पाळणाघरात गेलेल्यांची नाही. शंभरातली चौदाच मुलं योजनेमुळे नव्यानं पाळणाघरात गेली असतील, तर सरासरी फरक छोटा दिसला तरी त्या चौदांवरचा परिणाम बराच मोठा असायला हवा, साधारण सातपट. पण सरळ सातनं गुणणंही चूक. जी मुलं आधीपासूनच पाळणाघरात होती, त्यांचंही पाळणाघर बदललं: कुणाचं नव्या केंद्रात गेलं, कुणाच्या वर्गात गर्दी झाली, कुणाचे तास वाढले. म्हणजे परिणाम त्या चौदांपुरता राहत नाही. ‘पाळणाघरामुळे मूल अमुक इतकं आक्रमक होतं’ असं वाक्य कुणी या अभ्यासाच्या नावावर खपवत असेल तर ते सोडून द्यावं.

आता नॉर्वे. तिथे जून १९७५ मध्ये बालवाडी कायदा झाला आणि सरकारनं तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या जागांवर भरपूर पैसा ओतला. त्याआधी दहातल्या एकाहून कमी मुलांना जागा मिळायची. १९७९ पर्यंत शंभरातल्या २८ हून जास्त मुलांना मिळू लागली. सगळ्या नगरपालिकांत वाढ सारख्या वेगानं झाली नाही. तारियेई हाव्नेस आणि माग्ने मोग्स्टाड यांनी नेमका तोच फायदा घेतला: झपाट्यानं जागा वाढलेली गावं एका बाजूला, हळू वाढलेली दुसऱ्या. आणि मुलांकडे पाहिलं ती तिशी-चाळिशीत पोचल्यावर, २००६ मध्ये. पालकांना प्रश्नावली नाही, थेट सरकारी नोंदी: किती शिकले, कमावतात किती.

पहिल्या टप्प्यात १७,५०० नव्या जागा झाल्या आणि त्यांच्या हिशेबात त्यातून ६,२०० वर्षांचं जास्तीचं शिक्षण निघालं. भागाकार केला तर एका जागेमागे साधारण सव्वाचार महिने. वाचायला किरकोळ वाटतं. पण हे सव्वाचार महिने सगळ्यांना थोडे थोडे वाटलेले नसतात. काही मुलं मधेच शाळा सोडणार होती ती टिकली, काही बारावीवर थांबणार होती ती कॉलेजात गेली. शंभर जागांमागे शाळा सोडणारी मुलं जवळजवळ सहानं घटली, कॉलेजात जाणारी जवळजवळ सातानं वाढली.

दोन्हीकडे सरकारी पैसा, दोन्हीकडे सगळ्यांसाठी खुली योजना, दोन्हीकडे श्रीमंत देश. मग निकाल उलटे कसे?

माझ्या मते सगळ्यात मोठं कारण एका प्रश्नात आहे: ही जागा मिळाली नसती तर मूल त्या वेळी कुठे असतं? नॉर्वेत जागा वाढल्या, पण आयांच्या नोकऱ्या जवळजवळ वाढल्याच नाहीत. ज्यांना कामावर जायचं होतं त्या आधीच जात होत्या आणि मूल शेजारणीकडे, नातेवाइकांकडे, नोंदणी नसलेल्या कुणा बाईकडे ठेवत होत्या. सरकारी जागेनं आईला हटवलं नाही, त्या तात्पुरत्या सोयीला हटवलं. क्वेबेकमध्ये मात्र बरीच मुलं आईच्या हाताखालून उठून वर्गात गेली. आईसोबतचा दिवस आणि शेजारणीच्या स्वयंपाकघरातला दिवस या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पाळणाघराचा कस लागतो तो त्यांच्यापैकी एकीशीच.

दुसरं कारण वय. नॉर्वेत तीन ते सहा. क्वेबेकमध्ये शून्यापासून.

तिसरं कारण घाई. क्वेबेकमध्ये काही वर्षांत अनुदानित जागा दुपटीहून जास्त झाल्या. इमारती उभ्या राहतात, शिकलेली माणसं तितक्या वेगानं तयार होत नाहीत. २००० ते २००३ या काळात संशोधकांनी तिथल्या पाळणाघरांत जाऊन, वर्गात बसून गुण दिले, तेव्हा चांगली म्हणावी अशी २७ टक्के निघाली, ६१ टक्के जेमतेम, १२ टक्के अपुरी. जेमतेम म्हणजे मूल सुरक्षित आहे, स्वच्छ आहे, पण दिवसभर त्याच्याशी फारसं कुणी बोललेलं नाही.

हे ‘बोललेलं नाही’ कसं घडतं ते जरा जवळून बघू. क्वेबेकचा नियम: दीड वर्षाखालच्या पाच बाळांमागे एक ताई, दीड ते चार वर्षांच्या आठ मुलांमागे एक, चार वर्षांपुढे दहांमागे एक. दोन वर्षांची आठ मुलं घ्या आणि दहा तासांचा दिवस. मिनिटांचे आकडे माझे, ढोबळ, पण ज्यानं एकही दोन वर्षांचं मूल सांभाळलंय त्याला पटतील. डायपर: आठ मुलं, चार वेळा, दर वेळी पाच मिनिटं, म्हणजे १६० मिनिटं. जेवण ४० आणि दोन खाणी प्रत्येकी २०, म्हणजे ८०. हात धुणं: आठ मुलं, पाच वेळा, एकेक मिनिट, ४०. दुपारी झोपवायला ३०. आणि तिथला हिवाळा: बाहेर न्यायचं तर प्रत्येकाला बर्फातला जाड सूट, बूट, मोजे चढवायला चार मिनिटं, परत येऊन उतरवायला तीन; ५६ झाली. बेरीज ३६६ मिनिटं. सहाशेतून ती वजा केली, दुपारच्या झोपेचे दोन तास वजा केले, उरली ११४. आठांनी भागा. एका मुलाच्या वाट्याला, फक्त त्याच्यासाठी, १४ मिनिटं. त्यात कुणी पडलं, कुणी चावलं, कुणाच्या आईचा फोन आला, हे धरलेलंच नाही. शिवाय दहा तास एकच ताई नसते, दुपारी पाळी बदलते. सकाळी कोण रडत होतं हे दुसरीला माहीत नसतं.

चांगलं पाळणाघर यावर मात कुठे करतं? त्या १६० मिनिटांत. डायपर बदलताना ताई मुलाकडे बघून बोलत असेल, ‘पाय वर, कुठे गेला पाय, हा बघ’, तर ती पाच मिनिटं कामाचीही असतात आणि गप्पांचीही. नवखी, थकलेली, आठांपैकी दोघं रडताहेत अशा स्थितीतली ताई तेच काम निमूट उरकते. घड्याळ तेवढंच दाखवतं. खर्चही तेवढाच.

पण केवळ मुलांमागे माणसं वाढवली की झालं, असंही नाही. इटलीत बोलोन्या शहराची सरकारी पाळणाघरं नावाजलेली. तान्ह्या चार बाळांमागे एक ताई, एक-दोन वर्षांच्या सहांमागे एक. तिथे प्रवेशाच्या यादीत अगदी काठावर राहिलेल्या आणि काठावर आत गेलेल्या मुलांची तुलना झाली. सुखवस्तू घरांतल्या मुलांचा बुद्ध्यंक आठ ते चौदा वर्षांच्या वयात, पाळणाघरात काढलेल्या प्रत्येक जास्तीच्या महिन्यामागे अर्धा टक्का कमी निघाला, आणि मुलींमध्ये हे जास्त ठळक. कारण पुन्हा तेच: या मुलांना घरी एकास एक माणूस मिळत होतं, गोष्टी सांगणारं, प्रश्नांना उत्तरं देणारं. चारास एक कितीही चांगलं असलं तरी एकास एकाची जागा ते घेत नाही.

याची दुसरी बाजू धरली नाही तर सगळा मुद्दा उलटा होतो. क्वेबेकच्याच आकड्यांची फोड मायकेल कॉटेलेनबर्ग आणि स्टीव्हन लेहरर यांनी केली, तेव्हा एकट्या पालकांच्या, हलाखीतल्या घरांतल्या मुलांना योजनेचा फायदा झालेला दिसला. नॉर्वेतही कमाईतला फायदा मुख्यतः खालच्या उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना. वरच्या थरातल्यांची कमाई उलट जरा कमीच. जर्मनीतल्या एका मोठ्या अभ्यासात तर असं निघालं की स्थलांतरितांची मुलं बालवाडीत सगळ्यात कमी येतात आणि आलीच तर त्यांनाच सगळ्यात जास्त फायदा होतो. सरसकट स्वस्त योजनेतली मोठी गळती ही. फी सारखी असली तरी प्रतीक्षायादीत नाव कधी घालायचं, अर्ज कुठे मिळतो, कुणाला फोन करायचा हे ज्यांना माहीत असतं तेच आधी आत जातात. क्वेबेकमध्ये गरीब घरातल्या मुलाच्या वाट्याला बऱ्याचदा कमी दर्जाची जागा आली, ती याच वाटेनं.

परिणाम मोजायचा कधी, यावरही निकाल फिरतो. अमेरिकेत मिशिगनच्या इप्सिलँटी गावात १९६२ ते १९६७ मध्ये पेरी बालवाडीचा प्रयोग झाला. एकूण १२३ मुलं, सगळी गरीब कृष्णवर्णीय घरांतली; चिठ्ठ्यांसारखी वाटणी करून ५८ बालवाडीत, बाकीची नाहीत. रोज सकाळी अडीच तास, आणि आठवड्यातून एकदा शिक्षिका दीड तास घरी येणार. बुद्ध्यंक आधी चांगला उसळला आणि आठ-दहा वर्षांच्या वयापर्यंत ती उसळी पार विरली. तिथेच कुणी वही बंद केली असती तर प्रयोग फसला असंच लिहिलं असतं. चाळिशीत बघितलं तर बालवाडीतली माणसं जास्त नोकरीत होती, कमी वेळा अटक झालेली होती. बोस्टन शहरात १९९७ ते २००३ मध्ये सरकारी बालवाडीच्या जागा सोडतीनं वाटल्या गेल्या. शाळेच्या परीक्षांत त्या मुलांचे गुण लक्षात येण्याइतके वाढले नाहीत, पण कॉलेजात वेळेवर जाणारी मुलं शंभरामागे आठनं जास्त. उलट टेनेसीत, सोडत काढून झालेल्याच अभ्यासात, बालवाडीच्या शेवटी पुढे असलेली मुलं सहावीपर्यंत मागे पडली आणि त्यांच्या शिस्तीच्या तक्रारीही जास्त निघाल्या. म्हणून पाच-सहा वर्षांच्या वयातल्या चाचणीवरून ‘योजना यशस्वी’ असं छापून आलं की मी तरी ते बाजूला ठेवतो.

आपल्याकडे सरकारी पैशानं चालणारी सगळ्यात मोठी व्यवस्था म्हणजे अंगणवाडी. शब्द आपलाच: ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर भागात बोर्डी आणि पुढे कोसबाडला काम केलं, तेव्हा आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत येईनात म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. केंद्राची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. परदेशी निकाल तिला सरळ लावता येत नाहीत, कारण अंगणवाडी हे पाळणाघर नाही. ती काही तासांची, आणि तिचा मुख्य भर राहिला तो खाण्यावर.

त्या खाण्याचा लांबचा परिणाम मात्र तपासला गेलाय. १९८७ ते १९९० मध्ये हैदराबादजवळच्या गावांत योजना टप्प्याटप्प्यानं पोचत होती. काही गावांत आली होती, शेजारच्यांत अजून नव्हती. आलेल्या गावांत मका-सोयाच्या भरड्याचा उपमा मिळायचा: गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला सुमारे ५०० कॅलरीचा, सहा वर्षांखालच्या मुलाला सुमारे ३०० चा. ती मुलं १३ ते १८ वर्षांची झाल्यावर पुन्हा मोजली. उपमा मिळालेल्या गावांतली मुलं सरासरी १४ मिलिमीटर उंच होती, आणि इन्सुलिनला शरीर दाद न देण्याचं प्रमाणही त्यांच्यात कमी. दीड सेंटिमीटरही नाही, असं कुणी म्हणेल. पण एका वाटी उपम्याची खूण पंधरा वर्षांनी मोजपट्टीवर सापडते, हे माझ्या मते छोटं नाही.

आणि शिकवण्याचं? तमिळनाडूत गॅनिमियन, मुरलीधरन आणि वॉल्टर्स यांनी ६४० अंगणवाड्या घेतल्या. त्यांतल्या निम्म्यांना अर्धवेळ एक जास्तीची ताई दिली, फक्त तीन ते पाच वर्षांच्या मुलांना शिकवायला. नवी इमारत नाही, टॅब नाही. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला. दीड वर्षानं केंद्रातल्या मुलांचे गुण गणितात ०.२९ आणि भाषेत ०.४६ प्रमाण विचलनानं वर गेले (प्रमाण विचलन म्हणजे मुला-मुलांच्या गुणांत नेहमी असतो तो फरक मोजायचं माप). जुन्या सेविकेचा वेळ मोकळा झाल्यामुळे ती पोषणाकडे बघू शकली, तर खुंटलेली वाढ आणि तीव्र कुपोषणही घटलं. एका माणसानं दोन कामं सुटली. अभ्यासकांच्या अंदाजानं खर्चाच्या १३ ते २१ पट परतावा आहे. हा अंदाज आहे. ती मुलं मोठी होऊन कमवायला लागलेली नाहीत, आणि वर टेनेसीचं उदाहरण दिलंच आहे.

महाराष्ट्रात अंगणवाड्या एक लाखाच्या वर आहेत. इथे नेमकं काय बिघडतं ते सेविकेच्या सकाळीत दिसतं. वजन-उंची, पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर नोंद, घरपोच आहाराचं वाटप, गृहभेटी, गरोदर बायकांची यादी, निवडणूक आली की मतदारयाद्या, आणि त्यातच वीस-पंचवीस मुलं. मदतनीस खिचडी शिजवते, मुलांना आणते-पोचवते. शिकवणं उरलेल्या वेळात. दुसरी अडचण वेळेची. अंगणवाडी दुपारी सुटते आणि मजुरीला गेलेली आई संध्याकाळी परतते. मधल्या चार तासांत मूल दहा वर्षांच्या बहिणीकडे असतं, आणि मग त्या बहिणीची शाळा बुडते. पाळणाघराच्या परिणामाचा हिशेब करताना या बहिणीचं शिक्षण कुठल्याच परदेशी अभ्यासात येत नाही, कारण तिथे ती नसतेच. आपल्याकडे ‘जागा मिळाली नसती तर मूल कुठे असतं’ याचं उत्तर बहुतेक वेळा आई घरी हे नसून ही बहीण, म्हातारी आजी किंवा उसाच्या फडाच्या बांधावरची झोळी हे असतं. केंद्राच्या पाळणा योजनेत अंगणवाडीलाच जोडून पूर्ण दिवसाचं पाळणाघर चालवता येतं. त्यासाठी वेगळी ताई लागते. तीच सेविका दोन्ही करील असं धरलं की क्वेबेकच्या त्या आठ मुलांच्या डायपरांचं गणित इथे येतं, आणि इथे ते डायपरही नसतात.

आपल्या गावात किंवा वस्तीत कुणी हे सुरू करणार असेल, किंवा आपलंच मूल कुठे ठेवायचं असेल, तर फी विचारण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. सकाळी आणि संध्याकाळी मुलाजवळ एकच माणूस असतं का? गेल्या वर्षभरात किती ताया सोडून गेल्या? तीन वर्षांखालच्या किती मुलांमागे एक, आणि एखादी ताई रजेवर असली तर किती? स्वयंपाक आणि नोंदी सांभाळणारी वेगळी आहे का?

मग एक सकाळ दाराशी बसावं, हातात घड्याळ घेऊन. एकच मूल निवडायचं, शक्यतो गप्प बसणारं. दहा ते बारा या वेळात मोठ्या माणसानं त्याच्याकडे बघून, त्याचं नाव घेऊन किती वेळा बोललं, तेवढंच मोजायचं. ‘चला, हात धुवा, रांग लावा’ हे सगळ्यांना उद्देशून असतं, ते धरायचं नाही. मुलानं काही म्हटलं आणि त्याला उत्तर मिळालं तर त्याची वेगळी खूण. आठवड्यानं पुन्हा जायचं, न सांगता, शक्यतो आहारवाटपाच्या दिवशी.